पत्त्याएवढी फट

शहरात सुतार पैशाला पासरी मिळत, पण फळीदादा एकच होता. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर आणि बायकोच्या रागात तेवढं उरलं होतं. एरवी लहानथोर सगळे त्याला फळीदादाच म्हणत, कारण फुटबॉल क्लबच्या मैदानावरचा पूर्वेचा स्टँड लाकडी फळ्यांचा होता आणि त्या चारशे बारा फळ्यांची देखभाल गेली एकतीस वर्षं तो करत होता. पगार नाही, पत्र नाही, सत्कार तर नाहीच. दर गुरुवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवायचं, हत्यारांची पिशवी खांद्याला लावायची आणि मैदानाची वाट धरायची. बायको म्हणायची, "त्या फळ्यांना सवत म्हणावं तर सवत निदान भांडते तरी!"

त्या स्टँडवर खुर्च्या नव्हत्या. माणसं उभी राहून सामना बघत आणि ज्याची त्याची जागा ठरलेली असे. फळीदादाची जागा अकराव्या पायरीवर, मधल्या खांबाच्या डावीकडे. त्याच्या उजव्या हाताला नर्सबाई. तिनं सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं काढली होती. एरवी देवासारखी बाई, पण रेफ्रीनं चुकीची शिट्टी मारली की तिच्या तोंडून जे शब्द बाहेर पडत ते ऐकून टांगेवाल्यानंही कान झाकले असते. एक पायरी खाली पोस्टमन. आणि फळीदादाच्या डाव्या हाताला, शाळकरी वयापासून, पिपाणी.

पिपाणी हा त्याचा जिवलग मित्र. लहानपणी पत्र्याची पिपाणी वाजवत सगळा सामना डोक्यावर घ्यायचा म्हणून हे नाव पडलं. पुढे तो शिकला, नीट कपडे घालू लागला, आधी क्लबचा सभासद आणि मग सेक्रेटरी झाला. सेक्रेटरी झाल्यावर तो पश्चिमेकडच्या छपराखाली, पाहुण्यांच्या खुर्च्यांत बसायला लागला आणि लोक त्याला साहेब म्हणू लागले. फळीदादा मात्र "पिप्या"च म्हणे. अकराव्या पायरीवरची डावीकडची जागा त्यानं कुणाला घेऊ दिली नव्हती. "पिप्याला तिकडे कंटाळा आला की येईल परत," असं तो म्हणायचा. पिपाणी कधी आला नाही, पण जागा रिकामीच राहिली.

आता त्या स्टँडची खरी गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच उभं आहे.

आपल्या संघानं गोल केला की पूर्वेचा स्टँड पाय आपटायचा. दोनदा जोरात, मग एक श्वास थांबून तिसऱ्यांदा. धाड, धाड... धाड! तो आवाज साधा नव्हता. दवाखान्यात नर्सबाईच्या वॉर्डातले पेशंट खिडकीकडे कान लावून स्कोअर मोजत. पोस्टमन ड्यूटीवर असला तर चार गल्ल्या पलीकडे टपाल टाकता टाकता समोरच्याला सांगे, "दुसरा झाला बरं का." बाहेरगावचे संघ तर या मैदानावर यायलाच कुरकुरत. एका गोलकीपरनं म्हणे आपल्या कोचला सांगितलं होतं, की तिथे चेंडू दिसतो, पण मागचं आभाळ कोसळतंय असं वाटतं.

हा आवाज आपोआप येत नव्हता. एकतीस वर्षांपूर्वी एका कडक उन्हाळ्यात नवव्या पायरीची एक फळी वाळून आकसली आणि तिच्यावर पाय पडला की टाळी वाजल्यासारखी वाजू लागली. पाहुण्या संघाची पेनल्टी होती. नेमकी ती फळी वाजली, मारणारा दचकला आणि चेंडू थेट कुंपणापार गेला. सगळे हसले. फळीदादा आणि पिपाणी मात्र एकमेकांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मैदानावर हजर. फळीदादानं युक्ती बसवली ती अशी: प्रत्येक फळीचं एक टोक चार स्क्रूंनी तुळईला घट्ट आवळायचं, आणि दुसऱ्या टोकाचे दोन स्क्रू एवढेच मागे घ्यायचे की फळी आणि तुळई यांच्यात खेळायचा पत्ता सरकला पाहिजे. एकच पत्ता. दोन पत्ते गेले तर जास्त झालं. फळी निसटत नाही, सरकत नाही, डुगडुगत नाही. फक्त टाळी वाजवते. पत्ता पिपाणीनं आणला होता, चौकटची दुर्री. तो फटीत पत्ता घाली आणि फळीदादा स्क्रू फिरवी. असं दोघांनी आठवडाभर केलं आणि मग प्रत्येक फळीवर फळीदादानं स्वतः दहा दहा उड्या मारल्या. तेव्हा तो चांगला वजनदार गडी होता.

"हे कुणाला सांगायचं नाही हं," पिपाणी म्हणाला होता.

"मेलो तरी नाही," फळीदादा म्हणाला होता.

बायकोला तेवढं माहीत होतं, कारण बायकोला सगळंच माहीत असतं. बाकी लोकांना वाटे, लाकूडच तसं आहे, जुन्या काळचं, आता असं मिळत नाही. फळीदादा हे ऐकून मिशीत हसे. दर गुरुवारी तो दुर्री घेऊन एकेक फट तपासत फिरे. पत्ता झिजून त्यावरचे लाल चौकट पुसट झाले होते, पण जाडी त्याच्या बोटांना पाठ होती.

क्लबला साठ वर्षं पूर्ण होणार होती, त्या साली पिपाणी एका दुपारी घरी आला. बऱ्याच वर्षांनी आला होता, म्हणून वहिनीनं, म्हणजे फळीदादाच्या बायकोनं, बसायला चांगली खुर्ची दिली. "भावोजी, जेवूनच जा," म्हणाली. भावोजी जेवले, दोनदा वाढून घेतलं आणि हात पुसता पुसता म्हणाले, "फळ्या, स्मरणिका काढतोय. आपल्या स्टँडच्या आवाजावर तू लिही. आता साठ वर्षं झाली, आता सांगायला काय हरकत? तुझं नाव लोकांना कळू दे की."

हे शेवटचं वाक्य फळीदादाला लागलं. लागलं म्हणजे गोड लागलं. माणूस कितीही निरिच्छ असो, आपण केलेलं काम आपलं म्हणून कुणीतरी कुठेतरी छापावं असं त्याला वाटतंच. नाही वाटत म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. फळीदादानं शाळा सोडल्यापासून हिशेबापलीकडे काही लिहिलं नव्हतं. तीन संध्याकाळी खपून त्यानं दीड पान लिहिलं आणि खाली सही केली. त्यात एक वाक्य होतं: 'फळीचं एक टोक चार स्क्रूंनी घट्ट आवळलेलं असतं, त्यामुळे धोका काहीच नाही, आणि दुसरं टोक मी मुद्दाम सैल ठेवतो.' बायकोनं वाचून घेतलं आणि म्हणाली, "बरंय. पण सगळंच कशाला सांगायचं?" तो म्हणाला, "पिप्यानं मागितलंय, परक्यानं नाही."

स्मरणिका निघालीच नाही. निघाली ती नगरपालिकेची नोटीस.

झालं होतं ते असं. क्लबला हमरस्त्यावर नवं स्टेडियम मिळणार होतं, छपराचं, प्लास्टिकच्या खुर्च्यांचं. पण जुन्या मैदानाची जमीन एका वीटभट्टीवाल्यानं क्लबला दिली तेव्हा अट घातली होती, की मैदान वापरण्याजोगं आहे तोवर क्लबनं ते सोडायचं नाही. म्हणजे सोडायचं तर ते वापरण्याजोगं नाही असं सरकारी कागदावर यायला हवं होतं. हे सगळं फळीदादाला फार उशिरा कळलं. नोटिशीत त्याला एवढंच कळलं, की पूर्वेचा स्टँड धोकादायक असल्याची तक्रार आली आहे आणि सुनावणीला सुतारानं हजर राहावं. तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. वाटलं, आपण दोन शब्द सांगू आणि गैरसमज मिटेल.

नगरपालिकेच्या सभागृहात पंख्याखाली लांब टेबल होतं. मागच्या बाकांवर पूर्वेच्या स्टँडवरची माणसं दाटीनं बसली होती. टेबलाशी तपासणी अधिकारीबाई आणि शेजारी पिपाणी. अधिकारीबाईंनी एक कागद उचलला. फळीदादानं आपलं अक्षर लांबूनच ओळखलं आणि त्याला क्षणभर आनंद झाला. वाटलं, बरं झालं, लिहून दिलेलंच आहे.

बाईंनी वाचलं, "'दुसरं टोक मी मुद्दाम सैल ठेवतो.' हे तुमचंच ना?"

"माझंच. पण त्याच्या आधीचं वाचा ना."

"आधीचं या पानावर नाही."

नव्हतंच. वाक्य पानाच्या तळाशी सुरू होऊन पुढच्या पानाच्या डोक्यावर संपलं होतं आणि टेबलावर फक्त पुढचं पान होतं. सहीचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. मुद्दाम? सैल? आपल्या पायाखाली? एकतीस वर्षं?

फळीदादानं पिपाणीकडे बघितलं. "पिप्या, सांग की. पत्ता तूच धरला होतास. सांग की यांना."

पिपाणी समोरची फाईल चाळत होता. बाईंनी त्याला विचारलं, "क्लबला हे माहीत होतं?"

तो उठून उभा राहिला, शर्टाची बाही नीट केली आणि म्हणाला, "नाही मॅडम. क्लबला याची काहीच कल्पना नव्हती."

असं म्हणतात की परक्यानं मारलं तर हाड मोडतं आणि आपल्यानं मारलं तर माणूस मोडतो. फळीदादा तिथे उभ्याउभ्या मोडला. त्याला राग येण्याआधी लाज वाटली, आणि लाज तरी कसली, तर आपण या माणसाला दोनदा वाढलं याची. त्याच्या तोंडून पुढे शब्द फुटला नाही. लोकांनी त्या गप्प बसण्याचा जो अर्थ लावायचा तो लावला.

अहवाल आला: स्टँड दुरुस्तीपलीकडे गेला आहे. मैदान वापरण्याजोगं नाही. स्टँडच्या दोन्ही जिन्यांना साखळ्या लागल्या.

त्यानंतर लोक त्याच्याशी बोलेनासे झाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. पोस्टमन टपाल दाराच्या फटीतून आत सारून जाऊ लागला. पूर्वी हाक मारून, पाणी पिऊन, मागच्या सामन्याची चिरफाड करून मगच जायचा. नर्सबाई रस्त्यात भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "माझा नातू उभा असायचा रे त्या पायरीवर." फळीदादा म्हणाला, "बाई, एक टोक घट्ट असतं." ती म्हणाली, "असेल," आणि निघून गेली. त्या 'असेल'नं त्याची अन्नावरची वासना उडाली. बायको चिडून म्हणाली, "अहो, जाऊन ओरडून सांगा ना सगळ्यांना! भावोजी म्हणायचे मी त्याला. तोंड करपलं माझं." पण सांगणार काय? साक्षीदार एकच होता आणि तो टेबलाच्या पलीकडे बसला होता.

लोकांनी क्लबच्या दारात मात्र ठाण मांडलं. मैदान जाणारच असेल तर निदान शेवटचा सामना तरी आमच्या पायरीवरून बघू द्या, असा हट्ट धरला. शेवटी अधिकारीबाईंनी एका दिवसाची परवानगी दिली. अट अशी, की प्रत्येक फळीची दोन्ही टोकं घट्ट आवळलेली हवीत, आणि त्या स्वतः येऊन एकेक फळी बघतील. नाहीतर साखळी निघणार नाही आणि लोक कुंपणाबाहेरून बघतील.

हा निरोप पोस्टमन घेऊन आला. दारातच उभा राहिला. "लोकांचं म्हणणं आहे, ज्यानं सैल केलं त्यानंच आवळावं. सहा दिवस आहेत."

बायको आतून म्हणाली, "सांगा त्यांना, आमचे हात मोकळे नाहीत."

 फळीदादानं पिशवी उचलली. तिनं दोन मिनिटं त्याच्याकडे रागानं बघितलं आणि मग चपला घातल्या. "स्क्रू कोण धरणार? तुमचा पिप्या येतोय का?"

सहा दिवस नवराबायको त्या स्टँडवर होते. ती ओच्यात स्क्रू घेऊन पुढे सरकायची, तो गुडघ्यावर बसून पेचकस फिरवायचा. प्रत्येक स्क्रू आवळताना फळी खाली दबून तुळईला चिकटायची आणि तो तिच्यावर पाय आपटून बघायचा. आधी टाळी वाजायची तिथे आता ठप्प असा आवाज यायचा. आपल्याच लेकराच्या तोंडावर हात दाबावा तसं त्याला वाटत होतं, आणि ते त्यानं बायकोला सांगितलंही. तिनं त्याच्या पाठीवरची धूळ झटकली.

सहाव्या दिवशी अकरावी पायरी उरली. बायको हळूच म्हणाली, "एवढी एक राहू द्या. आपल्या पायाखालची. कुणाला कळतंय?"

 त्यानं खिशातून दुर्री काढली, फटीत घातली. बरोबर बसली. मग म्हणाला, "नको. एक जरी फळी सैल सापडली, तर त्याचं खोटं खरं ठरेल." आणि आवळली. त्यानंतर दुर्री कुठल्याच फटीत जाईना, तेव्हा ती त्यानं पिशवीच्या तळाला टाकली.

अधिकारीबाई खरंच आल्या आणि खरंच एकेक फळी बघितली. बाई कामाला चोख होत्या. शेवटी घाम पुसत म्हणाल्या, "इतकं मजबूत काम मी या शहरात बघितलेलं नाही. तुळया तर दगडासारख्या आहेत."

"मग दुरुस्तीपलीकडे कसं लिहिलंत, बाई?"

त्यांनी तुळईवर पुन्हा एकदा हात ठेवला. मग म्हणाल्या, "मला स्टँड लांबूनच दाखवला आणि एक कागद दिला. मी कागद वाचला." त्यांनी सही केली आणि साखळ्या उघडायला सांगितल्या.

रविवारी दुपारी स्टँड गच्च भरला. फळीदादा आणि त्याची बायको अकराव्या पायरीवर गेली. नर्सबाईनं थोडं सरकून जागा दिली, पण बोलली नाही. डावीकडची जागा आज बायकोनं घेतली. समोर, पश्चिमेच्या छपराखाली, पांढऱ्या शर्टात पिपाणी बसला होता.

पहिला हाफ कोरडाच गेला. दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नर मिळाला, चेंडू उंच आला, आपला ठेंगणा डिफेंडर, ज्याला जन्मात कधी हेडर जमला नव्हता, त्यानं डोकं लावलं आणि जाळी हलली. अख्खा स्टँड ओरडला आणि सवयीनं पाय उचलले. दोनदा, श्वास, तिसऱ्यांदा.

ठप्प, ठप्प... ठप्प.

गोणी जमिनीवर टाकावी तसा आवाज. लोकांना वाटलं, जोर कमी पडला. पुन्हा आपटले. सत्तरी उलटलेली नर्सबाईही चप्पल काढून आपटत होती. ठप्प. हळूहळू सगळे थांबले. गोल झालेल्या मैदानावर अशी शांतता कुणी ऐकली नव्हती. खेळाडूसुद्धा मिठ्या सोडून स्टँडकडे बघायला लागले.

नर्सबाईनं वाकून फळीला हात लावला. मग वर बघून विचारलं, "आवाज त्या सैल टोकातून यायचा?"

"हो."

"आणि ही सगळी तुम्ही दोघांनी सहा दिवसांत आवळली?"

"हो बाई."

पोस्टमन खालच्या पायरीवरून वळला. त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उलगडत गेलेली दिसली. "म्हणजे दुरुस्तीपलीकडे काही नव्हतंच," तो मोठ्यानं म्हणाला. "दोन माणसांचं सहा दिवसांचं काम होतं! आणि एवढ्यासाठी आपलं मैदान गेलं?" ते वाक्य पायरीपायरीनं खाली गेलं आणि जसं जसं गेलं तशी माणसं मैदान सोडून पश्चिमेच्या छपराकडे तोंड करून उभी राहिली. पोस्टमननं फळीदादाचा हात धरला.   नव्या स्टेडियमच्या करारावर केव्हाच सह्या झाल्या होत्या, जुनं मैदान विकलं गेलं होतं आणि हे दोघांनाही माहीत होतं.

सामना एक-शून्यनं जिंकला. लोक रेंगाळत, फळ्यांवर हात फिरवत निघून गेले. नर्सबाई जाताना फळीदादाच्या बायकोच्या गळ्यात पडून रडली. स्टँड रिकामा झाल्यावर पिपाणी जिना चढून वर आला. कितीतरी वर्षांनी तो या पायऱ्या चढत होता. अकरावीपाशी येईस्तोवर धापा टाकायला लागला.

"वहिनी," तो म्हणाला. वहिनीनं तोंड फिरवलं.

तो नव्या स्टेडियमबद्दल बोलला. तिथे दोघांसाठी कायमच्या खुर्च्या ठेवल्यात म्हणाला. क्लबचं भलं, काळाची गरज, असं बरंच बोलला. फळीदादा हत्यारं पिशवीत भरत होता. मग पिपाणीचा आवाज एकदम खाली आला आणि ताकाला आलेल्यानं अखेर भांडं पुढे केलं.

"फळ्या, गोल झाला तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो रे. कान इकडे लावून. शेवटचा एकदा ऐकायचा होता तो आवाज." त्याचे डोळे खरंच भरले होते, आणि तेच फळीदादाला सहन होईना. "एक तरी फळी ठेवायचीस. आपली ही तरी."

फळीदादानं पिशवीच्या तळातून चौकटची दुर्री काढून त्याच्या वरच्या खिशात घातली आणि पिशवी खांद्याला लावली.

"कुठला आवाज, सेक्रेटरीसाहेब?" तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं पिपाणीला साहेब म्हटलं. "क्लबला तर याची काहीच कल्पना नव्हती."

आणि बायकोचा हात धरून तो जिना उतरायला लागला.